जपूनरावांचा ओरखडा

जिन्याच्या वळणावर, जिथे झरोक्यातून आलेला उन्हाचा एक तिरपा तुकडा संध्याकाळपर्यंत अंग टाकून पडलेला असतो, तिथे जपूनरावांनी खिशातून कॅमेरा बाहेर काढला आणि पुढच्या पायरीसाठी उचललेला पाय तसाच खाली ठेवला.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेवर ओरखडे होते. एखाददुसरा असता तर नजर वळवता आली असती. हे तर कोंबडीनं अंगणभर दाणे टिपत जावं तसे पसरले होते. बारीक, आखूड, टोकदार. आणि तेही कडेला कुठे नव्हे, अगदी मधोमध, फोटोतल्या माणसाचं तोंड येतं तिथे.

जपूनरावांनी पुन्हा खिशात हात घातला. खिशात घराची किल्ली होती, कपाटाची होती, कचेरीतल्या ड्रॉवरची होती, आणि एक किल्ली अशी होती की जिचं कुलूप कधीच हरवलं होतं. पण किल्ली चांगली होती म्हणून त्यांनी ती ठेवली होती. सगळ्या किल्ल्या एकमेकींना बिलगून अशा गप्प बसल्या होत्या, की गुन्हा कुणी केला हे वेगळं विचारायची गरजच नव्हती.

वास्तविक कॅमेरा त्यांच्याकडे कापडी पिशवीत आला होता. पण बसमध्ये पिशवी कुणी ओढली तर काय घ्या, म्हणून त्यांनी तो काढून पँटच्या खिशात घातला आणि घर येईपर्यंत त्यावर तळहात दाबून धरला. चांगला घट्ट. म्हणजे किल्ल्यांना नेम चुकायला जागाच ठेवली नाही.

जपूनराव हे नाव त्यांना आईवडिलांनी दिलेलं नव्हतं. ते कचेरीनं दिलं, मग गल्लीनं उचललं, आणि आता शेंबडं पोरही त्याच नावानं हाक मारी. कुणी पाण्याचा पेला उचलला की ते म्हणायचे, "जपून." कुणी खुर्चीवर बसलं की, "जपून." त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत असे आणि पिशवीला रबर असे. फ्रिजच्या दारावरचा कारखान्यातला प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. त्याच्या आत फुगे धरले होते, फुग्यात धूळ गेली होती, धुळीत कसलेसे किडे सुखानं नांदत होते, पण दार मात्र कोरं होतं. मनगटावरच्या घड्याळाची पातळ फिल्म त्यांनी कधी काढली नाही. ती पिवळी पडून आता काटेच दिसत नसत. वेळ ते शेजारच्या टेबलाला विचारत.

आणि अशा माणसाच्या हातून हे झालं होतं. तेही साडूच्या वस्तूचं!

साडूची वस्तू म्हणजे काय, हे ज्यांना साडू आहे त्यांना सांगायला नको. भावाची वस्तू फुटली तर भाऊ भांडतो आणि विसरतो. मित्राची फुटली तर मित्र म्हणतो, जाऊ दे रे. साडू काहीच म्हणत नाही. तो फक्त हसतो. आणि पुढं जन्मभर, प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक बाराव्याला, तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात की तो पुन्हा तसाच हसतो.

पण साडूचं हसणंही जपूनरावांनी गिळलं असतं. खरं भय निराळंच होतं. त्यांची बायको आणि तिची थोरली बहीण यांच्यात गेले कित्येक महिने अबोला होता. दोघींची आई शिवणकाम करायची. ती गेली आणि तिचं शिवणयंत्र थोरलीनं न विचारता आपल्या घरी नेलं. धाकटी म्हणाली, "निदान एक फोन तरी करायचास." थोरली म्हणाली, "तू निदान एकदा विचारायचंस, मी का नेलं ते." एवढ्याशा दोन वाक्यांवरून दोन घरांमध्ये भिंत उभी राहिली. आणि परवा अचानक थोरलीचा फोन आला: आईचे शेवटचे फोटो आमच्या कॅमेऱ्यात आहेत, न्या, बघा, हवे ते उतरवून घ्या, रविवारी परत द्या.

फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती. मग ती इतकंच म्हणाली, "अहो, तुम्हीच जाऊन आणा. मी गेले तर रडेन."

कॅमेरा देताना ताई दारापर्यंत आल्या होत्या. कॅमेऱ्यावरचा हात त्यांनी पटकन सोडलाच नाही. "जसा आहे तसाच परत हवाय मला," त्या म्हणाल्या. "त्यावरचं काही पुसू नका."

"छे छे!" जपूनराव म्हणाले होते. "आमच्या घरी काही पुसलं जात नाही, ताई."

साडू मागून हसला होता.

*

घरी आल्यावर बायकोनं हात पुसत पुसत विचारलं, "आणलात? दाखवा ना."

"बॅटरी उतरलीय," जपूनराव म्हणाले. "चार्ज करावी लागेल."

"किती वेळ?"

"जुनी आहे. वेळ घेते."

कॅमेरा कपाटात कपड्यांच्या घडीखाली गेला. दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं तेव्हाही बॅटरी चार्ज होत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बॅटरी आहे का पाण्याची टाकी? एवढ्यात तर गच्चीवरची टाकी भरून वाहून गेली असती." जपूनरावांनी बॅटरीच्या स्वभावाविषयी काही गंभीर माहिती दिली. ती त्यांनी तिथल्या तिथे तयार केली होती.

शेवटी त्यांनी समोरच्या कवायत मास्तरांकडे मन मोकळं केलं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीत होता.

"टूथपेस्ट!" मास्तर गरजले. "पांढरी. जेल नको. कापसावर वाटाण्याएवढी घ्यायची आणि गोल फिरवायची. डावीकडून उजवीकडे! उलटं फिरवलंत तर जबाबदारी तुमची."

"मास्तर, जरा हळू. घरात ऐकू जाईल."

"हळूच बोलतोय मी!"

जिन्यावरचं कबुतर उडून गेलं.

जपूनरावांच्या घरात पांढरी पेस्ट नव्हती, लाल होती. दुकानातून आणावी तर बायको विचारणार, घरात एक असताना दुसरी कशाला? तेव्हा त्यांना तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. त्यांच्याकडे नमुन्याच्या छोट्या ट्यूब असतात. गुपचूप एक मागावी.

"या जपूनराव! काय त्रास?"

आता साडूचा कॅमेरा आपण ओरबाडला, हे एका परक्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? जपूनराव प्रतिष्ठेनं म्हणाले, "विशेष काही नाही. एका... समोरच्या भागावर जरा ओरखडे पडलेत. पांढरी पेस्ट लावावी म्हणतो."

"बघू," बाई म्हणाल्या.

"नाही, बघायचं असं काही नाही."

"सगळे असंच म्हणतात. बसा."

माणूस एकदा त्या खुर्चीत टेकला की खुर्ची त्याला मागे पाडते. वरचा दिवा डोळ्यांत आला, तोंडात दोन बोटं आली, आरसा आला, आणि मग बाईंचा आनंदानं भरलेला आवाज आला, "अगंबाई, केवढी कीड! बरं झालं आलात."

तासाभरानं जपूनराव बाहेर पडले तेव्हा त्यांची दाढ भरलेली होती, अर्धा जबडा बधिर होता, खिसा हलका होता आणि हातात पांढऱ्या पेस्टची नखाएवढी ट्यूब होती. पायरीवर थांबून त्यांनी आकाशाकडे पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. त्यावर एकही ओरखडा नव्हता. वर बसलेल्याला वस्तू कशी वापरावी ते कळतं, असं त्यांना वाटून गेलं, आणि बधिर गालावरून एक थेंब ओघळला तो त्यांना कळलाही नाही.

पेस्ट लावली. डावीकडून उजवीकडे, गोल गोल. ओरखडे गेले नाहीत. उलट भोवतीची चकचकीत काच पुसट झाली आणि धुक्यात उभ्या असलेल्या झाडांसारखे ते जास्तच उठून दिसू लागले.

*

कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात काचेची खिडकी होती, खिडकीला भोक होतं, आणि भोकामागे एक मुलगी होती. तिच्यापाशी पोहोचेपर्यंत जपूनरावांच्या जबड्यात अर्धीच जाग आली होती.

"कॅमेरा बंद आहे?"

जपूनरावांनी मान हलवली. नाही.

"फोटो निघत नाहीत?"

निघतात.

"पाण्यात पडलाय? उंचावरून पडलाय?"

या आरोपानं ते दुखावले. त्यांनी छातीवर हात ठेवून दुप्पट वेळा मान हलवली आणि काचेवर बोट ठेवलं.

मुलीनं कॅमेरा उजेडात धरला. "हे? हा बिघाड नाही काका. ह्याला वापर म्हणतात."

"पण काच बदलून..." ते कसंबसं बोलले.

"चालू वस्तूची काच आम्ही बदलत नाही. बंद पडला की आणा."

"म्हणजे आधी बिघडवून आणू?"

"ते मी म्हटलेलं नाही," मुलगी म्हणाली. "आणि येताना मूळ मालकांनी यायचं. मालक तुम्हीच ना?"

जपूनरावांच्या आयुष्यात खोटं बोलण्याचे प्रसंग थोडे आले होते, आणि आठवड्याचा त्यांचा सगळा कोटा बॅटरीवर खर्च झाला होता. त्यांनी मान हलवली. नाही.

मुलगी त्यांच्याकडे बघू लागली. दारातला पहारेकरी आपलं स्टूल उचलून हळूच थोडा जवळ सरकला. रांगेतल्या एका बाईंनी आपली पर्स काखेतून छातीशी घेतली. उभ्या जन्मात ज्यानं कचेरीची टाचणी घरी आणली नाही, तो माणूस ओरखड्यांचा कॅमेरा पोटाशी धरून, अर्धं तोंड वाकडं करून, चोरासारखा मागच्या पावली बाहेर पडला.

*

"तेल!" कवायत मास्तर गरजले. "ओरखडा काढायचा नसतो, भरायचा असतो. तेलाचं एक बोट फिरवा. रविवारी परत करून घरी येईपर्यंत टिकेल. पुढचं पुढं!"

मास्तरांच्या दारातून जपूनराव तसेच, चप्पल न काढता, तेलाची वाटी घेऊन न्हाणीघरात शिरले. घरात आतून कडी लागणारी ती एकच खोली. बादलीच्या कडेवर कॅमेरा ठेवून त्यांनी तेलाचं बोट फिरवलं. मग जरा जोरानं फिरवलं. मग त्या सगळ्या आठवड्याचा संताप बोटात उतरला, आणि काचेचा कोपरा उचलला गेला.

काच सोलली जात होती! सापानं कात टाकावी तशी कॅमेऱ्याची कातडी त्यांच्या बोटाला चिकटून वर येत होती. ती दाबून पुन्हा बसवावी म्हणून त्यांनी हात झटकला, आणि सर्रकन सगळीच्या सगळी निघून खाली ओल्या फरशीवर पडली.

डोळे उघडायला त्यांना बराच वेळ लागला. उघडले तेव्हा समोर काच होती. कोरी, काळीभोर, पहाटेच्या तळ्यासारखी नितळ. तीत त्यांचं स्वतःचं तोंड दिसत होतं, अर्धं वाकडं, आणि हळूहळू उजळत चाललेलं.

ती फिल्म होती! नुसती फिल्म! साडूनं फिल्म काढलेली नव्हती!

घरभर प्लास्टिक जपणाऱ्या माणसाच्या हे आधी ध्यानात कसं आलं नाही, असं कुणी म्हणेल. पण नाहीच आलं. साडू म्हणजे नव्या वस्तूचं वेष्टण दुकानाच्या पायरीवरच टराटरा फाडणारा माणूस. "वस्तू वापरायला आणली, का तिला दृष्ट लागेल म्हणून झाकायला?" असं वर म्हणणारा. अशा माणसानं फिल्म ठेवली असेल ही शंका जपूनरावांना शिवलीसुद्धा नाही. इतका वाईट विचार त्यांनी साडूबद्दल केला होता.

पडलेली फिल्म टाकून द्यावी म्हणून त्यांनी खाली पाहिलं. ती दिसेना. मोरीतून वाहून गेली असेल. गेली तर गेली, पीडा टळली. न्हाणीघरातून ते जवळजवळ नाचत बाहेर आले.

"अहो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमची एक चप्पल चट्चट् का वाजतेय?"

"जुनी झाली," जपूनराव म्हणाले. "आणि बॅटरी भरली बरं का!"

*

आता पुन्हा असं होऊ नये यासाठी जपूनराव कामाला लागले. बाजारातून नवी फिल्म आणली. ती बसवताना आत हवेचा फुगा राहिला. तो पट्टीनं ढकलला तर दुसऱ्या टोकाला निघाला. काढून पुन्हा लावली तर आत केस गेला, आणि डोक्यावर मोजके उरलेले असताना नेमका त्यांचाच. दुसरी आणली. तिसरी आणली. तिसरी बसली, फक्त एका कोपऱ्यात एक एवढासा फुगा राहिला, त्याच्याकडे त्यांनी पाहायचं नाही असं ठरवलं.

"आणि ह्याला एखादी मऊ पिशवी शिवशील का?" ते बायकोला म्हणाले. "ताईंची वस्तू आहे. आपण दिली तर कशी, अंगाला ओरखडा न लागलेली दिली पाहिजे."

बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांना ती नजर नवी होती. तिनं आईच्या चिंध्यांचं गाठोडं सोडलं. त्यातला एक जांभळा तुकडा निवडला, आणि डबीतून आईचं अंगुस्तान काढून बोटात घातलं. सुई बोटाला टोचू नये म्हणून शिवणाऱ्या बायका घालतात ते, स्टीलचं, खळग्याखळग्यांचं टोपण. आई ते उभ्या दिवसात काढत नसे. चहाच्या कपावर टक्, खिडकीच्या गजावर टक्, लेकींच्या डोक्यावर टक्. आई घरात कुठे आहे ते त्या टकटकीवरून समजायचं. शिवण आता बायकोनं हातात घेतली आणि बऱ्याच दिवसांनी ती गुणगुणू लागली, आई गुणगुणायची तसं:

सुई चालते पुढं गं, दोरा मागं ओढ घेई
दोन टोकांना दोघी लेकी, मधली गाठ त्यांची आई

शनिवारी दुपारी दोघं खिडकीशी बसली. जपूनरावांनी कॅमेरा चालू केला. काचेवर आई आली. उशीला टेकलेली, वाळलेली, डोळे बारीक करून समोर बघणारी, एक बोट पुढे केलेली. बोटात अंगुस्तान.

बायको पुढे सरकली. तिनं हात पुढे केला. तिच्याही बोटात अंगुस्तान तसंच होतं. ते बोट आईच्या गालाजवळ गेलं...

"जपून!" जपूनराव ओरडले. "ते काढ आधी! ओरखडा पडेल!"

बोट मागे गेलं. तिनं अंगुस्तान काढून डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं, आणि बाकीचे फोटो हात मांडीवर ठेवून पाहिले.

*

रविवारी ताईंच्या घराच्या उंबऱ्यात जपूनरावांना ठेच लागली. चट्चट् वाजणारी चप्पल पायातून निसटून उलटी पडली, आणि ते एका पायावर तोल सावरत आत गेले. "जपून, जपूनराव," साडू हसून म्हणाला. बैठकीच्या कोपऱ्यात आईचं शिवणयंत्र होतं, कापडाखाली झाकलेलं. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, मग दोघींनी यंत्राकडे पाहिलं, मग कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

जपूनरावांनी जांभळी पिशवी पुढे केली. ताईंनी ती घेतली, कापडावरून अंगठा फिरवला. "हे आईच्या चिंध्यांतलं ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

"टाके पण तिच्यासारखेच घातलेस." ताईंचा आवाज जरा ओला झाला. साडू पाणी आणायला उठला. जपूनरावांना वाटलं, भिंत पडली. आपल्यामुळे पडली. ते खुर्चीत थोडे मागे रेलले.

ताईंनी कॅमेरा बाहेर काढला. खिडकीकडे धरला. तिरका केला. अंगठ्यानं काच चाचपली. पुन्हा तिरका केला.

"खुणा कुठे आहेत?" त्या म्हणाल्या.

"गेल्या!" जपूनराव अभिमानानं म्हणाले. "एक म्हणून उरू दिली नाही. नवी फिल्म घातलीय."

साडू पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारातच थांबला. तो हसत नव्हता. साडू हसत नाही हे पाहून रेललेले जपूनराव ताठ बसले.

"मेलात, जपूनराव," साडू हळूच म्हणाला. "अहो, मी ती फिल्म काढायला निघालो होतो एकदा, तर ही किती दिवस माझ्याशी बोलली नाही."

ताई कॅमेऱ्याकडेच बघत होत्या. "तिला दिसत नव्हतं ना शेवटी," त्या बहिणीला म्हणाल्या. "दिवसभर हा घेऊन बसायची. बोट टेकवल्याशिवाय माणूस ओळखायची नाही. ही कोण? टक्. हा कोण? टक्. तुझा फोटो आला की तर टक् टक् टक् टक्. मी म्हणायची, आई, ते अंगुस्तान तरी काढ गं, काच जाईल. तर म्हणायची, ते काढलं की बोट माझं वाटत नाही." त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "ती गेल्यावर ते अंगुस्तान तू नेलंस. म्हणून मी मशीन आणली. मशीन नुसती मशीन आहे गं. ह्या खुणा मात्र तिच्या बोटाच्या होत्या. ते तुला दाखवावं म्हणूनच दिला होता कॅमेरा."

धाकटीनं हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कपड्यांची घडी, दाढ, टूथपेस्टचा वास, सगळा आठवडा तिच्या डोळ्यांत एकेक करून जागेवर बसताना जपूनरावांना दिसला.

"बॅटरी," ती एवढंच म्हणाली.

ताई उठून आत निघून गेल्या. दार लागलं. पुन्हा तीच भिंत, आणि या वेळी तिच्या विटा जपूनरावांनी स्वतःच्या हातांनी, डावीकडून उजवीकडे, गोल गोल फिरवून लावलेल्या होत्या. ते उठले. कुणाची माफी कुठून मागायला सुरुवात करावी ते त्यांना सुचेना. पेस्टपासून, की तेलापासून, की जन्मापासून? निदान बाहेर उभं राहावं म्हणून ते उंबऱ्याबाहेर गेले. चप्पल अजून उलटी पडली होती. टाच आणि चवडा यांच्यामधल्या खोलगट जागी, जिथे जमीन फारशी लागत नाही तिथे, काहीतरी चकाकलं.

जपूनरावांनी चप्पल दोन्ही हातांनी उचलली. तशीच, ओंजळीतून फूल आणावं तशी, ती त्यांनी बैठकीत आणली.

"ताई!" ते ओरडले. आवाज त्यांचा नव्हता, कवायत मास्तरांचा होता. "ताई, आई इथे आहेत!"

एवढं विचित्र वाक्य ऐकून दार उघडलं.

तळव्याला चिकटलेली फिल्म धाकटीनं नखानं सोडवली. साडू म्हणाला, "थांबा, धुऊन आणतो," आणि दोघी बहिणी एका आवाजात ओरडल्या, "धुऊ नका!" मग दोघी खिडकीशी गेल्या. फिल्म उजेडाला धरली. तिच्यावर टूथपेस्टचं धुकं होतं, तेलाचं बोट होतं, बसस्टॉपची खडी होती आणि जिन्याची धूळ होती. आई तिच्यावर थोडीशीच उरली होती. बाकी सगळे जपूनराव होते.

"ही आईची," ताई म्हणाल्या.

"छे, ही खडीची. आईची अशी तिरकी नसायची. ही बघ, ही आखूड."

"तुला काय माहीत? तू होतीस का तेव्हा?"

"नव्हते. कारण तू कळवलं नाहीस!"

"कळवलं असतं तर आली असतीस?"

"धावत आले असते!"

दोघी थांबल्या. फिल्म दोघींच्या बोटांत होती, एकेक टोक धरलेली. मग ताई पुन्हा वाकल्या आणि नाक ओढत म्हणाल्या, "बरं, ही? ही तरी आईची ना?"

"ही आईचीच," धाकटी म्हणाली. "तिच्याशेजारची पण."

साडूनं तांब्या जपूनरावांपुढे केला. जपूनरावांनी तो घेतला नाही. एका हातात अजून चप्पल होती.

बऱ्याच वेळानं ताईंनी कॅमेरा उचलला, चालू केला आणि बहिणीपुढे धरला. काचेवर आई आली, बोट पुढे केलेली. "आणलंयस का?" ताईंनी विचारलं. धाकटीनं पर्समधून डबी काढली. झाकण उघडलं. अंगुस्तान बोटात घातलं, आणि ते बोट आईच्या गालाजवळ नेऊन थांबवलं. तिथे थांबूनच तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

ताईंनी पाहिलं. साडूनंही पाहिलं.

जपूनरावांच्या घशात तो शब्द वर आला. तीन फिल्म, एक फुगा, एक केस, एक दाढ, सगळं त्या शब्दाच्या मागे रांगेत उभं होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग चप्पल छातीशी घट्ट धरली, आणि भरलेल्या दाढेवर दाढ दाबून तोंड मिटून घेतलं.

टक्.